व्याह्यांचे इंजेक्टर

हल्ली ज्योतीराम सुरवसे दुपारी जेवून आडवा झाला की घोरतो, आणि कुसुमताईंना त्याचं फार बरं वाटतं. नवऱ्याच्या घोरण्याचं कौतुक करणारी दुसरी बायको चाकणशेजारच्या अख्ख्या निघोज्यात सापडायची नाही. पण उन्हाळ्याच्या सुरुवातीला हाच माणूस पंख्याकडे डोळे लावून पडायचा. मधेच उठून घरापुढच्या गॅरेजमध्ये जायचा, एका जुन्या फियाटचं बॉनेट उघडून आत बघत उभा राहायचा आणि परत येऊन पडायचा. ती फियाट आता तिच्या मालकाच्या अंगणात आहे आणि ज्योतीराम घोरतोय. मधे जे घडलं ते सांगायचं तर आधी ज्योतीरामचा स्वभाव सांगायला हवा, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

ज्योतीराम भिडस्त आहे. साधासुधा नाही, जातिवंत भिडस्त. "नाही" हा शब्द त्याच्या घशातून वर येतो, दातांपर्यंत पोचतो आणि बाहेर पडताना त्याचा "चालेल की" होतो. एकदा एका वास्तुशांतीला तो यजमानांकडे जेवला, आणि बाहेर पडताना यजमानांच्या भावाने "अहो, असे कसे जाता" म्हणून हात धरला, तर "माझं झालं" म्हणायच्या ऐवजी परत पंगतीत बसला. दुकानदाराने "तुम्हाला शोभतो" म्हटलं म्हणून एक दिवाळी त्याने गळ्याचं बटण न लागणाऱ्या शर्टात काढली. लोकांना असा माणूस फार आवडतो. घरच्यांना त्याच्याबरोबर राहावं लागतं, त्यामुळे त्यांचं मत जरा वेगळं असतं.

तुळजापूरच्या अलीकडचं त्याचं गाव. आयटीआय करून तो भोसरीत आला, आणि चाकणच्या बाजूला एका कंपनीत कार्बोरेटरच्या लाइनवर लागला. कार्बोरेटर म्हणजे जुन्या गाड्यांमध्ये पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला पाजणारं पितळी, अॅल्युमिनियमचं भांडं. त्यातल्या भोकाचा आकार केसाएवढा चुकला तरी गाडी धूर ओकते किंवा उपाशी मरते. ज्योतीरामने उमेदीची सगळी वर्षं ही भोकं तपासण्यात घालवली. मग गाड्यांत दाबाने पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं, कार्बोरेटर गेले, कंपनीने ती लाइन बंद केली आणि ज्योतीरामला हार घालून घरी पाठवलं. हार घालणाऱ्या साहेबालाही तो "चालेल की साहेब" म्हणाला होता.

त्या वेळी उभा राहिला तो कोंडाजीदादांमुळे. कोंडाजीदादा निघोज्याचे जुने शेतकरी. जमीन एमआयडीसीत गेली, राहिली त्यातल्या एका तुकड्यावर पत्र्याची शेड होती. "मोकळीच हाय ती. घाल तुजं ग्यारेज," एवढंच ते म्हणाले. भाडं ठरलं नाही, कागद झाला नाही. ज्योतीरामने शेडमागे दोन खोल्या काढल्या, संसार तिथे थाटला, मुलगी वर्षाली तिथेच लहानाची मोठी झाली. दादांनी नंतरही कधी त्या जागेचा विषय काढला नाही. त्यांचं एकच काम असायचं, त्यांची पांढरी फियाट.

ही फियाट दादांनी जमिनीचे पैसे आले तेव्हा घेतलेली. गावात नंतर मोठमोठ्या गाड्या आल्या, दादांच्या मुलाने, रविराजनेही दोन घेतल्या. दादांनी फियाट सोडली नाही. संध्याकाळी बायकोला, आक्काबाईंना, शेजारी बसवायचं आणि एक चक्कर मारून यायचं, कधी मोशीपर्यंत, कधी दिघीला लेकीकडे, पूनमकडे. आक्काबाई चक्करमध्ये काही बोलायच्या नाहीत. दादाही बोलायचे नाहीत. दोघांची आयुष्यभराची बोलणी घरात भांडून झालेली असल्यामुळे गाडीत शांतता असायची, आणि दादांना ती फार प्रिय होती.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात या शांततेचा बट्ट्याबोळ झाला. भर दुपारी चाकणच्या तळेगाव चौकात गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली आणि बंद पडली. दोष गाडीचा म्हणता येणार नाही. जुन्या कार्बोरेटरच्या कुठल्याही गाडीचं पेट्रोल अशा उन्हात, गरम इंजिनाशेजारी उभ्या उभ्या उकळतं, त्याची वाफ होते आणि इंजिनला प्यायला काही उरत नाही. ती गाडी घडवणाऱ्यांनी चाकणचं ट्रॅफिक स्वप्नातही पाहिलं नव्हतं. मागे कंटेनरचे हॉर्न सुरू झाले, गाडीत पेट्रोलचा वास भरला. आक्काबाई पदर नाकाला लावून खाली उतरल्या आणि दुभाजकावर बसल्या. दादांनी सत्तरीच्या पुढच्या अंगाने गाडी ढकलायला सुरुवात केली. शेवटी रविराज आला आणि टोचन लावून, म्हणजे आपल्या गाडीला दोराने बांधून, ती घरी ओढत घेऊन आला.

"परत त्या गाडीत मी न्हाई बसायची," आक्काबाई म्हणाल्या.

रविराज वाईट मुलगा नाही. आईला त्या दुभाजकावर बसलेली त्याने पाहिली होती. त्याने वडिलांना सांगितलं, "दादा, पूनमच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत आहे पुढच्या उन्हाळ्यात. तोवर गाडी भरवशाची करून घ्या. आईला घेऊन दिघीला जा, परत या. रस्त्यात बंद पडली, तर तिथूनच भंगारात जाईल, घरी येणार नाही. आणि तुमचं गाडी चालवणंही बंद." दादा ऐकून घेऊन थेट ज्योतीरामच्या शेडमध्ये आले आणि म्हणाले, "मला त्ये इंजेक्शन बसवून दे."

ज्योतीराम चालेल की म्हणाला. पण या वेळी ते त्याने मनापासून म्हटलं होतं.

काम सोपं नव्हतं. कार्बोरेटर काढून टाकायचा. टाकीतून दाबाने पेट्रोल आणणारा पंप बसवायचा, उरलेलं पेट्रोल थंड टाकीत परत नेणारी नळी टाकायची, हवेची नवी झडप, इंजिनचे फेरे मोजायला क्रँकच्या पुलीवर दातेरी चक्री, धूर हुंगायला सायलेन्सरच्या नळीत सेन्सर, आणि या सगळ्यांना हुकूम सोडणारा एक छोटा कॉम्प्युटर. आणि मग इंजेक्टर. इंजेक्टर म्हणजे बोटाएवढी झारी. इंजिनच्या प्रत्येक फेऱ्याला ती पापणी लवावी तशी उघडते, पेट्रोलचा फवारा मारते आणि मिटते. कॉम्प्युटरचं काम वर्षाली करणार होती. ती चाकणला एका कंपनीत इंजिनच्या चाचण्या घेते. ज्योतीरामचं काम भाग निवडायचं.

आता, पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात गाडीचे भाग निवडणं हा काय प्रकार आहे, तो बाहेरच्या माणसाला कळणार नाही. इथे प्रत्येक घरातला कुणी ना कुणी गाडीचा कुठला ना कुठला तुकडा बनवतो. कुणी पंप बनवतो, कुणी झडप, कुणी नुसते नळीचे क्लिप. आणि प्रत्येकाला वाटतं की गाडी चालते ती त्याच्या तुकड्यावर. ज्योतीरामने फियाट उघडली ही बातमी पसरली आणि माणसं यायला लागली. भोसरीचा नवनाथ पंप घेऊन आला. "भाऊ, आमच्या कंपनीचा आहे, डोळे झाकून लावा." सगळे आपल्या कंपनीच्या कामगारांच्या दुकानातून रीतसर पावतीवर माल आणत होते, कारण ज्योतीराम पावतीशिवाय स्क्रूलाही हात लावत नाही. पण नको म्हणणं त्याला जमत नव्हतं. नशिबाने नवनाथचा पंप योग्य निघाला. झडपही बसली. ज्योतीराम प्रत्येक वेळी सुटकेचा श्वास सोडायचा.

मग एका रविवारी रणजीतराव आले.

रणजीतराव म्हणजे ज्योतीरामचे होणारे व्याही. साताऱ्याकडचे, राहायला ताथवड्याला, इंजेक्टर बनवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर. त्यांचा मुलगा ज्ञानेश आणि वर्षाली यांचा साखरपुडा नुकताच झाला होता. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि त्यांनी एक पुठ्ठ्याचा खोका पुढे केला. खोक्याला त्यांच्या मंडळींनी हळदकुंकू लावलं होतं. आत चार नवे कोरे इंजेक्टर होते.

"पाव्हणं, बगा, ह्ये उपेगी..." रणजीतराव म्हणायला लागले.

ज्योतीरामने एक इंजेक्टर उचलला. आयुष्यभर भोकं तपासलेल्या माणसाला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. हे मोठ्या, सात माणसांच्या, ताकदवान इंजिनच्या गाडीचे इंजेक्टर होते. फियाटच्या हजार-अकराशे सीसीच्या इंजिनला ते लावणं म्हणजे एका माणसाच्या पानात पंगतीचं पातेलं उपडं करणं होतं. हे सगळं त्याला त्या क्षणी कळलं. आणि कळून त्याने काय केलं? खोका दोन्ही हातांनी कपाळाला लावला.

"अहो, हेच! अगदी हेच पाहिजे होते बघा!"

रणजीतराव काहीतरी विचारणार होते. त्यांचं तोंड उघडलेलं होतं. तेवढ्यात कुसुमताई चहा घेऊन आल्या, आणि ते तोंड चहासाठी वापरलं गेलं. मग लग्नाच्या हॉलचा विषय निघाला.

व्याह्यांची भीड ही साधी भीड नसते. शेजाऱ्याला नाही म्हटलं तर शेजारी महिनाभर बोलत नाही. व्याह्यांना, तेही साखरपुडा आणि लग्न यांच्या मधल्या नाजूक दिवसांत, हळदकुंकू लावून आणलेली वस्तू "ही चालत नाही" म्हणून परत करायची? त्यात ती त्यांच्या कंपनीची, त्यांच्या हाताखालून गेलेली? ज्योतीरामला कल्पनेनेच घाम फुटला. त्याने मनाची समजूत घातली की वर्षाली कॉम्प्युटरवर कमी-जास्त करून घेईल, आणि इंजेक्टर बसवले.

गाडी सुरू झाली. म्हणजे आवाज झाला. मग ती गुरगुरली, खोकली, एकदम पळायला लागली, एकदम मरायला आली, मागून काळा धूर आला आणि शेडमध्ये पेट्रोलचा वास भरला. नेमका तोच वास, ज्याला घाबरून आक्काबाई उतरल्या होत्या. वर्षाली लॅपटॉप मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली होती. तिने आकडे कमी केले, आणखी कमी केले. गाडी बंद पडली. थोडे वाढवले. काळा धूर.

"पप्पा, उभ्या गाडीला लागतं घोटभर पेट्रोल," ती म्हणाली. "हे इतक्या कमी वेळासाठी नीट उघडतच नाहीत. एकतर भसकन ओततात, नाहीतर काहीच नाही. पळवली तर पळेल. ट्रॅफिकमध्ये..." ती थांबली. इंजेक्टर कुणी दिलेत ते तिलाही माहीत होतं. होणाऱ्या सासऱ्यांच्या वस्तूला नाव ठेवणारी सून तिला व्हायचं नव्हतं. "बघू अजून काहीतरी," असं पुटपुटत तिने लॅपटॉप मिटला.

तर असं घर. बापाला कळलेलं, लेकीला कळलेलं, आणि दोघं एकमेकांसमोर बॉनेटमध्ये बघत उभे. ज्योतीराम प्लग काढून पुसायचा, ते परत काळे व्हायचे. त्याची झोप गेली ती तेव्हापासून.

वास्तुशांत तोंडावर आली. एके सकाळी कोंडाजीदादा शेडमध्ये आले. नवी टोपी, हातात मऊ फडकं. त्यांनी काच पुसली, आरसा पुसला, आक्काबाई बसतात त्या बाजूच्या सीटवरचा धूळकण झटकला. मग त्यांनी विचारलं, "ज्योतीराम, खरं सांग. चालंल का रं?"

"चालेल की दादा," ज्योतीराम म्हणाला.

ते तोंडातून गेलं तेव्हा त्याला स्वतःलाच ऐकू आलं. इतकी वर्षं तो हे शब्द म्हणत आला होता, पण ते इतके खोटे कधी वाजले नव्हते. दादांच्या चेहऱ्यावरची एक एक सुरकुती सैल झाली. "तू म्हनला म्हंजी झालं," ते म्हणाले आणि निघून गेले. त्यांनी परत विचारलं नाही, बॉनेट उघडून बघितलं नाही, गाडी सुरू करायला लावली नाही. त्यांनी ज्योतीरामवर विश्वास टाकला आणि घरी जाऊन आक्काबाईंना नवी साडी काढून ठेवायला सांगितलं.

ज्योतीराम स्टुलावर बसला.  कुसुमताई मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"दादांना खोटं बोललाव तुम्ही," त्या म्हणाल्या.

"मग काय करू? व्याह्यांना जाऊन सांगू, तुमची वस्तू टाकाऊ हाय म्हणून?"

"टाकाऊ कोण म्हनलंय? मोठी हाय म्हणून सांगा. माझ्या पायात तुमचा बूट घातला तर बसंल का? बूट वाईट हाय का त्यात?" कुसुमताईंचा आवाज चढला. "व्याही रुसले तर मी पाया पडून समजूत काढीन. दादांची गाडी एकदा टोचन लावून गेली की परत कुठून आनताव? आनि दादा मग काय करत्याल दिवसभर, सांगा की."

 ज्योतीरामने चारही इंजेक्टर काढले, स्वच्छ पुसले, त्याच खोक्यात घातले. हळदकुंकवाचा ठिपका खोक्यावर अजून होता, आणि तो त्याच्याकडे रोखून बघतोय असं त्याला वाटत राहिलं. कुसुमताई स्कूटरवर मागे बसल्या. "तुम्ही तिथं पोचून परत फिरताव, मला माहीत हाय," एवढंच कारण त्यांनी सांगितलं.

ताथवड्याला रणजीतरावांनी दारातच मोठ्याने स्वागत केलं. पोहे आले, चहा आला, परत पोहे आले. ज्योतीरामने दोन्ही वेळा खाल्ले. उन्हाळा किती वाढलाय, हिंजवडीचं ट्रॅफिक किती वाढलंय, हॉलवाला किती माजलाय, हे सगळं बोलून झालं. खोका पिशवीत, पिशवी पायाशी. कुसुमताईंनी आधी पायाने पिशवी सरकवली, मग नवऱ्याचा पाय दाबला, मग सरळ त्याच्याकडे बघायला लागल्या.

"रणजीतराव," ज्योतीराम म्हणाला. त्याने खोका काढून टीपॉयवर ठेवला. "तुम्ही मायेनं दिलेत. माझ्या डोक्यावर ठेवायच्या लायकीची वस्तू आहे. पण... ते चालत नाहीत. आमच्या इंजिनला मोठे होतात. चूक माझी, मी त्याच दिवशी..."

  रणजीतराव खोक्याकडे बघत होते. मग ते खुर्चीत मागे रेलले, दोन्ही हात त्यांनी डोक्यावर ठेवले आणि एवढा मोठा श्वास सोडला की टीपॉयवरचा कागदी रुमाल उडाला.

"सुटलो!" ते ओरडले. "आवं पाव्हणं, सुटलो मी! मी त्या दिवशी इचारायलाच आल्तो, इंजिन केवढं हाय म्हणून. बगा, ह्ये उपेगी पडत्याल का न्हाई, असं म्हणणार, तर तुमी खोका कपाळाला लावलासा! आता कपाळाला लावलेल्या वस्तूला मी कसं म्हणू, पाव्हणं, आधी मापून बघा म्हणून? तुमचा अपमान न्हवं का त्यो? मग ज्ञानेश म्हणाला, पप्पा, फियाटचं इंजिन ल्हान हाय, वर्षाली रडकुंडीला आलीय. तवापासनं माझ्या पोटात अन्न जाईना. हिला इचारा!"

त्यांच्या मंडळींनी स्वयंपाकघराच्या दारातून मान हलवली. ती मान बरेच दिवस हलायची वाट बघत असावी. आणि मग त्या आत गेल्या, बेडरूममधलं कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि साड्यांच्या घडीखालून त्यांनी दुसरा एक खोका आणला.

तेही चार इंजेक्टर होते. छोट्या, हजार सीसीच्या गाडीचे. रणजीतरावांनी ते कधीच आणून ठेवले होते. पण आधी दिलेली भेट आपणच चुकीची म्हणायची आणि दुसरी पुढे करायची, तीही मुलीच्या बापाला, हे त्यांना जमत नव्हतं. म्हणून ते साड्यांखाली पडून होते, आणि तिकडे निघोज्यात फियाट काळा धूर सोडत होती.

ज्योतीरामने एक इंजेक्टर उचलून खिडकीच्या उजेडात धरला. फवाऱ्याची भोकं बारीक, नेमकी. त्याला हसू यायला लागलं. रणजीतरावांनाही आलं. मग दोन प्रौढ, लग्नाला आलेल्या मुलांचे बाप, सोफ्यावर एकमेकांच्या मांडीवर थापा मारत डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. कुसुमताई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त विहीणबाईंकडे पाहिलं आणि विहीणबाईंनी त्यांच्याकडे. या लग्नाचं पुढे चांगलं चालणार, हे त्या दोघींना तेव्हाच कळलं असणार.

"आता आपल्यात असं ठरवू," निघताना रणजीतराव म्हणाले. "जे नको ते तोंडावर नको म्हणायचं."

"चालेल की," ज्योतीराम म्हणाला, आणि परत सगळे हसले.

ते इंजेक्टर बसवल्यावर वर्षालीने आकडे टाकले, किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. खोकला नाही, धूर नाही. वर्षालीने लॅपटॉपवरून नजर काढली आणि बापाकडे बघून नुसती मान डोलावली. ज्योतीराम दादांकडे गेला आणि म्हणाला, "दादा, त्या दिवशी मी चालेल म्हणालो, तेव्हा ती चालत नव्हती. आता चालते."  "बरं झालं सांगितलंस," दादा म्हणाले. "तू बी बस गाडीत."

वास्तुशांतीच्या दिवशी फियाट निघाली. दादा स्टीअरिंगवर, शेजारी ज्योतीराम. आक्काबाई या वेळी मागे बसल्या होत्या, दाराच्या कडेला, कडीवर हात ठेवून, म्हणजे उतरायला सोपं. त्यांनी नवी साडी नेसली होती आणि तोंड असं मिटलं होतं की कुणी फासावर नेत असावं. मागून रविराजची गाडी येत होती. त्याच्या डिकीत टोचनचा दोर होता. ज्योतीरामने तो ठेवताना बघितला होता.

मोशीच्या अलीकडे, इंद्रायणीच्या पुलावर, ट्रॅफिक थांबलं ते थांबलंच. सूर्य थेट डोक्यावर. पुढे कंटेनर, बाजूला कंपनीची बस, मागे कंटेनर. बसमधली पोरं खिडकीतून फियाटचे फोटो काढायला लागली. दादांच्या मानेवरून घामाची धार उतरली. ज्योतीराम तापमानाच्या काट्याकडे बघत होता. काटा चढला, आणि एका जागी थांबला. इंजिन थंड करणाऱ्या पंख्याची घरघर सुरू झाली, मग तीही थांबली.

आणि एकदम सगळं शांत झालं.

दादांचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत त्यांनी फियाटचं इंजिन उभ्या गाडीत असं कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे ऐकूच येत नव्हतं. ती हादरत नव्हती, खडखडत नव्हती, तिचा आरसा थरथरत नव्हता. त्यांनी आरशात मागे पाहिलं. रविराजची गाडी तिथेच होती. "बंद पडली," ते अगदी हळू म्हणाले. त्यांचा हात किल्लीकडे गेला.

ज्योतीरामने तो हात वरचेवर धरला.

"नाही," तो म्हणाला. अगदी स्पष्ट, चढ्या आवाजात. "नाही दादा. हात लावू नका. चालू आहे ती."

त्याने दादांचा हात किल्लीपासून दूर नेऊन गिअरच्या दांड्यावर ठेवला. दादांनी डोळे मिटले. दांड्यातून बारीक, एकसारखी, झोपलेल्या मांजराच्या अंगातून येते तशी थरथर त्यांच्या तळव्यात येत होती. ते तसेच बसून राहिले. मग त्यांनी डोळे उघडले, नाकाने हवा ओढली. गाडीत पेट्रोलचा वास नव्हता. पूनमच्या घरी न्यायच्या मोगऱ्याच्या गजऱ्यांचा तेवढा वास होता.

"व्हय की रं," ते म्हणाले.  "चालू हाय."

त्यांना हे कुणालातरी सांगायचं होतं. ते सीटवर वळले. "अगं, ऐकलंस का, गाडी चालू..."

ज्योतीरामही वळला. आक्काबाईंचा हात कडीवरून खाली घसरला होता. मान खिडकीला टेकली होती, पदर खांद्यावरून सरकला होता, तोंड किंचित उघडं होतं. भर दुपारी, इंद्रायणीच्या पुलावर, दोन कंटेनरांच्या मधे, आक्काबाई गाढ झोपल्या होत्या.

पुढचा कंटेनर हलला. दादांनी गिअर टाकला, तोही असा की गाडीला धक्का बसू नये. हॉर्न त्यांनी दिघीपर्यंत एकदाही वाजवला नाही.